पाळणा, परवाना आणि जबाब : यांत्रिक पाळण्यांवरील अपघातांच्या दायित्वाचा विचार

प्रस्तुत व्याख्यानाचा विषय जत्रेतील आणि करमणूक उद्यानांतील यांत्रिक पाळण्यांवर होणाऱ्या इजांची जबाबदारी कोणाची, हा आहे. मराठीतील 'जबाबदारी' हा शब्द एकाच वेळी तीन अर्थांचा भार वाहतो : अपघात होऊ नये म्हणून आधी घ्यावयाच्या काळजीचे कर्तव्य, अपघात कोणाच्या चुकीने झाला हे सांगणारा दोष आणि झालेले नुकसान भरून देण्याचे दायित्व. हे तीन अर्थ वेगळे न केल्यामुळे प्रत्येक दुर्घटनेनंतरची चर्चा दोषापाशी सुरू होते आणि दोषापाशीच संपते. कर्तव्य कोणाचे होते हे मागे पडते आणि भरपाई कोण देणार हे जखमी माणसाच्या घरच्यांवर सोडले जाते. हा शब्द फार्सीतून आलेला असून बहमनी राजवटीत फार्सी ज्या भूमीत दरबाराची भाषा होती, त्या कलबुर्गी-बिदर प्रदेशात त्याचा मूळ अर्थ आजही सहज कळतो : ज्याला जबाब द्यावा लागतो, तो जबाबदार. पाळणा तुटल्यावर प्रथम जबाब द्यावा लागतो तो कळ दाबणाऱ्या मजुराला. ज्यांनी तो पाळणा उभा राहू दिला आणि त्यावर पैसा मिळवला त्यांना तो क्वचितच द्यावा लागतो. जबाब देण्याची ही उतरंड उलटी करणे आवश्यक आहे, हे या विवेचनाचे प्रतिपाद्य आहे.

सीमाभागातील जत्रा आणि फिरते यंत्र

1956 साली 1 नोव्हेंबरला भाषावार प्रांतरचना झाली तेव्हा हैदराबाद राज्यातील जुन्या बिदर जिल्ह्याचे तुकडे पडले. उदगीर, अहमदपूर, निलंगा हा भाग तत्कालीन मुंबई राज्यात गेला, तर बिदर, भालकी, औराद, हुमनाबाद हा भाग आणि गुलबर्गा (आजचा कलबुर्गी) जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. नकाशावर रेषा ओढली गेली, परंतु देवदर्शनाच्या वाटांनी ती कधी मानली नाही. भालकी तालुक्यातील खानापूरच्या मैलार मल्लण्णाच्या म्हणजे खंडोबाच्या दर्शनाला, हुमनाबादजवळच्या माणिकनगरला आणि अफजलपूर तालुक्यातील गाणगापूरला मराठी घरांतील माणसे पिढ्यानपिढ्या येत आहेत, तशी कन्नडभाषक कुटुंबे नांदेड जिल्ह्यातील माळेगावला आणि सोलापूरच्या गड्डा यात्रेला जात आहेत. चंपाषष्ठी, दत्तजयंती, मार्गशीर्षातील माळेगाव, संक्रांतीचा गड्डा आणि होळीनंतरची कलबुर्गीची शरणबसवेश्वराची जत्रा ही ओळ पाहिली की मार्गशीर्ष ते फाल्गुन हा या मुलखाचा जत्रांचा हंगाम असल्याचे ध्यानात येते.

या हंगामाचा यंत्राच्या दृष्टीने अर्थ असा की जत्रेमागून जत्रेला जाणारे आकाशपाळणे, ब्रेकडान्स, टोराटोरा आणि नावेसारखे झुलणारे मोठे झोके काही आठवड्यांत अनेकदा उतरवले जातात, मालमोटारीतून नेले जातात आणि नव्या मैदानावर पुन्हा जोडले जातात. कायम उद्यानातील पाळणा एकदा उभारला जातो; जत्रेतील पाळणा मात्र दर वेळी नव्याने उभारला जात असल्यामुळे तपासणीच्या दृष्टीने तो प्रत्येक मैदानावर नवा पाळणा ठरतो. प्रत्येक जोडणीत नट-बोल्ट पुन्हा आवळावे लागतात, खिट्ट्या पुन्हा बसवाव्या लागतात, विजेचे जोड आणि अर्थिंग पुन्हा करावे लागते. शिवाय मैदानाची माती सारखी नसते. बिदरच्या पठारावर जांभा दगड आहे, तर कलबुर्गी जिल्ह्याचा आणि भालकी-औरादचा बराच भाग काळ्या कापसाच्या मातीचा आहे. ही माती पाण्याने फुगते, वाळली की भेगाळते आणि तिच्यावर लाकडी ठोकळ्यांच्या आधाराने उभे केलेले यंत्र एका अवकाळी सरीनंतर एका बाजूला खचू शकते. गेल्या जत्रेत सुखरूप फिरलेला पाळणा या जत्रेतही सुखरूप फिरेलच, असे म्हणण्यास म्हणूनच कोणताही शास्त्रीय आधार राहत नाही.

दुसरे कारण धातूच्या स्वभावात आहे. पोलाद एका जोरदार धक्क्याने मोडते त्यापेक्षा अधिक वेळा लहानसहान भार हजारो वेळा येऊन-जाऊन मोडते. अभियंते याला धातूचा थकवा म्हणतात. वेल्डिंगच्या जोडापाशी किंवा आसाच्या खोबणीत सुरू झालेली बारीक चीर रंगाच्या लेपाखाली झाकली जाते, ती नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही आणि ती शोधण्यासाठी चिरेत झिरपणारा रंगद्रव किंवा श्राव्यातीत ध्वनिलहरी वापरून चाचणी करावी लागते. जुना लाकडी रहाटपाळणा माणसे हाताने फिरवत, तेव्हा पाळण्याचा भार, त्याची कुरकुर आणि वर बसलेल्या लेकराची भीती फिरवणाऱ्याच्या दंडांना थेट जाणवत असे. मोटार आली आणि हा स्पर्श तुटला. जे पूर्वी हाताला कळत होते, ते आता कागदावरच्या तपासणीने कळवून घ्यावे लागते आणि तो कागद कोरा असेल तर यंत्राविषयी कोणालाच काही कळलेले नसते.

कांकरियाचा धडा

14 जुलै 2019 रोजी, रविवारी, अहमदाबादच्या कांकरिया तलावाच्या परिसरात 'डिस्कव्हरी' नावाचा लंबकासारखा झुलणारा पाळणा चालू असताना मोडून खाली आला. दोघांचा मृत्यू झाला आणि सुमारे तीस जण जखमी झाले. परिसर महानगरपालिकेचा, उद्यान चालवणारी कंपनी खासगी. पोलिसांनी कंपनीच्या मालकापासून मदतनिसापर्यंत सहा जणांना अटक केली. 4 सप्टेंबर 2022 रोजी मोहालीच्या दसरा मैदानावरील मेळ्यात उंच मनोऱ्यावरून खाली-वर होणारी बैठक कोसळून दहाहून अधिक माणसे जखमी झाली. पहिली घटना मोठ्या शहराच्या कायम उद्यानातली, दुसरी मैदानावरच्या फिरत्या मेळ्यातली. परंतु दोन्हींत एक साखळी समान आहे. यंत्र बनवणारा, ते विकत घेणारा मालक, ते भाड्याने चालवणारा ठेकेदार, कळ सांभाळणारा कामगार, जागा देणारी संस्था, परवाना देणारे कार्यालय आणि तपासणीचा दाखला देणारा अभियंता अशी सात माणसे तिकीट काढणाऱ्याच्या मागे उभी असतात, आणि तिकीट काढणाऱ्याला त्यांपैकी फक्त एक, कळीपाशी बसलेला, दिसतो.

जत्रेत ही साखळी आणखी लांबते. मैदानाचा लिलाव सहसा सर्वाधिक बोलीवर होतो. बोली जिंकणारा ती जागा तुकड्यांनी पुढे देतो. पाळणेवाल्याला ते भाडे चार-आठ दिवसांत वसूल करायचे असते. त्यामुळे फेऱ्या वाढतात, दोन फेऱ्यांमधली पाहणी टळते, आठांच्या बैठकीत दहा बसवले जातात आणि रात्री उशिरापर्यंत तोच थकलेला कामगार कळीपाशी राहतो. त्या रात्रीची चूक त्याच्या हातून घडते हे खरे, परंतु ती चूक बोलीच्या रकमेत आधीच लिहिली गेलेली असते.

कायदा काय सांगतो

फौजदारी कायद्याचा रोख दोषावर असतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 नुसार निष्काळजीपणाने मृत्यू घडवणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, कलम 125 मध्ये जीव धोक्यात घालून इजा करण्याचा आणि कलम 289 मध्ये यंत्राच्या बाबतीतील हयगयीचा गुन्हा सांगितला आहे. शिक्षा आवश्यक आहे, परंतु शिक्षेसाठी वाजवी संशयापलीकडचा पुरावा लागतो आणि शिक्षा झाली तरी पाय गमावलेल्या मुलीच्या उपचाराचा खर्च त्यातून भागत नाही.

दिवाणी दायित्वाचा मार्ग अधिक रुंद आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1966 साली दिल्ली महानगरपालिका विरुद्ध सुभगवंती या खटल्यात चांदणी चौकातील कोसळलेल्या घड्याळाच्या मनोऱ्याविषयी निर्णय देताना 'घटनाच बोलते' हे तत्त्व लावले. या तत्त्वाचा अर्थ असा की जी वस्तू पूर्णपणे एखाद्याच्या ताब्यात आहे आणि योग्य निगा राखली असता जी सहसा कोसळत नाही, ती कोसळली तर हयगय झाली असे गृहीत धरले जाते आणि तसे झाले नाही हे ताबा असणाऱ्याने दाखवायचे असते. मनोऱ्यातील दोष बाहेरून दिसणारा नव्हता हा महापालिकेचा बचाव न्यायालयाने स्वीकारला नाही, कारण असे दोष शोधून काढणे हेच मालकाचे कर्तव्य होते. पाळण्याच्या आसातील चिरेला हा न्याय शब्दशः लागू पडतो.

याविरुद्ध नेहमी मांडला जाणारा युक्तिवाद असा की जो स्वखुशीने धोका पत्करतो त्याला तक्रारीचा अधिकार नाही. त्याचे प्रसिद्ध उदाहरण न्यू यॉर्कच्या कोनी आयलंड येथील आहे. तिथे चढणीवर सरकणाऱ्या पट्ट्यावर उभे राहण्याच्या खेळात एका तरुणाच्या गुडघ्याची वाटी फुटली आणि 1929 साली मुख्य न्यायाधीश बेंजामिन कार्डोझो यांनी त्याच्या बाजूने लागलेला निकाल रद्द केला, कारण पडणे हीच त्या खेळाची गंमत होती आणि ते येणाऱ्याला डोळ्यांसमोर दिसत होते. परंतु त्याच निकालात, धोका नजरेआड असता तर निर्णय वेगळा झाला असता, हेही स्पष्ट केलेले आहे. पाळण्यात बसणारा माणूस पोटात गोळा येण्याला संमती देतो. झिजलेल्या खिट्टीला तो संमती देऊ शकत नाही, कारण ती त्याला ठाऊकच नसते.

तिकिटाच्या मागे बारीक अक्षरांत छापलेल्या 'स्वतःच्या जबाबदारीवर' या ओळीचेही असेच आहे. दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलात 1998 साली नोकराच्या हाती लावायला दिलेली मोटार चोरीला गेली, तेव्हा 'मालकाच्या जोखमीवर' असे छापलेल्या चिठ्ठीमुळे हॉटेलची सुटका होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2019 साली ठरवले. ताब्यात दिलेल्या मोटारीची काळजी छापील ओळीने टळत नसेल, तर पट्टा बांधून ताब्यात दिलेल्या मुलाची काळजी तशा ओळीने टळावी, असे म्हणणे न्यायाला धरून होणार नाही.

बसणाऱ्याचेही कर्तव्य आहे. चालत्या पाळण्यात उभे राहणे, छायाचित्रासाठी बाहेर झुकणे, लहान मुलाला वय लपवून बसवणे या गोष्टींनी भरपाई कमी होऊ शकते. मात्र या कर्तव्याची मर्यादा ओळखली पाहिजे. लहान मुलाकडून प्रौढाच्या सावधपणाची अपेक्षा कायदा करत नाही. लुगड्याचा पदर, ओढणी आणि लांब केस घेऊन बायका जत्रेला येणार हे या मुलखात यंत्र आणणाऱ्याला आधीच माहीत असते. तेव्हा फिरत्या भागाला झाकण घालणे हे त्याचे काम आहे आणि केस अडकल्यावर 'केस बांधायला हवे होते' असे सांगणे हा जबाब होऊ शकत नाही.

परवाना देणाऱ्याचे स्थान

या विषयातील सर्वांत अवघड भाग सार्वजनिक संस्थांच्या दायित्वाचा आहे. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात 13 जून 1997 रोजी लागलेल्या आगीत 59 माणसे मरण पावली. उच्च न्यायालयाने चित्रपटगृहाच्या मालकासह वीज मंडळ, महानगरपालिका आणि परवाना अधिकारी यांनाही भरपाईत वाटेकरी धरले होते. सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली मात्र महानगरपालिका आणि परवाना अधिकारी यांना मुक्त करून 85 टक्के भार परवानाधारकावर आणि 15 टक्के वीज मंडळावर ठेवला. परवाना देताना झालेली साधी हयगय भरपाईचे दायित्व निर्माण करण्यास पुरेशी नाही, हा त्या निकालाचा आशय आहे. त्याचा परिणाम जत्रेच्या बाबतीत गंभीर आहे. परवानाधारक फिरता असतो, त्याची स्थावर मालमत्ता कोठे आहे हे जखमी माणसाला माहीत नसते, आणि ज्या कार्यालयाचा पत्ता सर्वांना माहीत आहे त्याच्यावर भरपाईचा भार सहसा पडत नाही.

ही पोकळी किती विसंगत आहे हे तुलनेने दिसते. भालकीहून जत्रेला जाणाऱ्या कुटुंबाला वाटेत मोटारीने धडक दिली, तर त्या मोटारीला नोंदणी क्रमांक असतो, चालकाला अनुज्ञप्ती लागते, तृतीय पक्षाचा विमा सक्तीचा असतो, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम 164 खाली चूक कोणाची हे सिद्ध न करताही मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर इजेसाठी अडीच लाख रुपयांची तरतूद आहे. तेच कुटुंब कलबुर्गीच्या एखाद्या इमारतीत उद्वाहकात, म्हणजे लिफ्टमध्ये शिरले, तर त्या यंत्रासाठी कर्नाटकाचा 2012 सालचा स्वतंत्र कायदा आहे. महाराष्ट्रातही तसाच कायदा 2017 साली झाला. त्याच कुटुंबाने जत्रेत माणसांना उचलून, उलटे करून, वेगाने फिरवणाऱ्या यंत्राचे तिकीट काढले की मात्र असा कोणताही केंद्रीय कायदा त्याच्या पाठीशी राहत नाही. 1991 सालचा सार्वजनिक दायित्व विमा कायदा घातक पदार्थ हाताळणाऱ्यांपुरता आहे. भारतीय मानक ब्युरोची पाळण्यांच्या सुरक्षेविषयीची मानके आणि रचना, चालवणे व तपासणी या तिन्ही अंगांचा विचार करणारे आयएसओ 17842 हे आंतरराष्ट्रीय मानक उपलब्ध आहे. परंतु कायद्याने किंवा परवान्याच्या अटीने सक्ती होईपर्यंत मानक हे शिफारशीच्या पातळीवरच राहते.

राजकोटच्या टीआरपी गेम झोनमध्ये 25 मे 2024 रोजी लागलेल्या आगीत 27 माणसे गेली, त्यानंतर गुजरातने पाळणे आणि खेळकेंद्रे यांच्या सुरक्षेसाठी आदर्श नियम केले. राजकोटच्या जन्माष्टमीच्या लोकमेळ्यात पाळण्यांसाठी पक्क्या पायाची अट पुढे आली तेव्हा पाच दिवसांच्या मेळ्यासाठी हा खर्च झेपणारा नाही, अशी तक्रार पाळणेवाल्यांनी केली. ती तक्रार तुच्छ लेखण्याजोगी नाही, कारण तिच्यामागे हंगामावर जगणारी शेकडो घरे आहेत. परंतु तिचे उत्तर अट काढून टाकण्यात सापडणार नाही. मैदान भाड्याने देऊन उत्पन्न मिळवणाऱ्या संस्थेने त्या मैदानावर कायमचा पक्का चौथरा बांधून द्यावा, हे ते उत्तर आहे. लाभात जो वाटेकरी आहे त्याने सुरक्षेच्या खर्चातही वाटेकरी झाले पाहिजे.

व्यवस्थेचा दोष, माणसाचा दोष

इंग्लंडमधील आल्टन टॉवर्स उद्यानात 2 जून 2015 रोजी 'स्मायलर' या पाळण्याचा माणसांनी भरलेला डबा रुळावर थांबलेल्या रिकाम्या डब्यावर आदळला. 16 जण जखमी झाले आणि दोन तरुणींना पाय गमवावा लागला. संगणकाने पाळणा थांबवला असताना कामगारांनी तो थांबा चुकीचा समजून ओलांडला होता. वरवर पाहता दोष त्या कामगारांचा होता. परंतु तपास यंत्रणेने आणि न्यायालयाने चुकीला वाव देणाऱ्या कार्यपद्धतीकडे बोट दाखवले आणि 2016 साली मालक कंपनीला 50 लाख पौंडांचा दंड झाला. ऑस्ट्रेलियातील ड्रीमवर्ल्ड उद्यानात 25 ऑक्टोबर 2016 रोजी पाण्यावरच्या पाळण्यात चार माणसे मरण पावली. त्या दिवशी पंप आधीच बंद पडला होता आणि तरीही पाळणा पुन्हा चालू करण्यात आला होता, तसेच आणीबाणीत काय करावे याचे पुरेसे प्रशिक्षण कामगारांना नव्हते. चालक कंपनीने गुन्हा कबूल केला आणि 2020 साली तिला 36 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. माणूस चुकणारच असे धरून यंत्र, नेमणूक आणि कामाचे तास ठरवणे हे ज्याच्या हाती आहे, त्याच्यावरच मुख्य भार पडला पाहिजे, हे या दोन्ही प्रकरणांचे सार आहे.

सीमेवरील माणसाचा मार्ग

सीमाभागातील जखमी माणसापुढे आणखी एक प्रश्न असतो : अपघात एका राज्यात, घर दुसऱ्या राज्यात, पाळणेवाला तिसऱ्याच गावचा. येथे 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा मोलाचा आहे. तिकीट घेऊन दिलेली करमणूक ही सेवा आहे आणि वडिलांनी काढलेल्या तिकिटावर बसलेले मूलही त्या सेवेचे लाभार्थी म्हणून ग्राहकच ठरते. कलम 34 नुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. म्हणजे उदगीरच्या मेळ्यात जखमी झालेल्या औरादच्या माणसाला बिदरच्या जिल्हा आयोगाकडे दाद मागता येईल. आयोगाची अधिकारमर्यादा मागितलेल्या भरपाईवरून ठरत नाही, दिलेल्या मोबदल्यावरून ठरते. त्यामुळे पन्नास रुपयांच्या तिकिटावरील तक्रार, भरपाई कितीही मोठी मागितली तरी, जिल्हा आयोगापुढेच चालते आणि तिला शुल्कही लागत नाही. मुदत दोन वर्षांची आहे. म्हणून तिकिटाचा तुकडा, पाळण्याचे छायाचित्र, पोलिसांकडील नोंदीची प्रत आणि दवाखान्याचे कागद जपून ठेवणे हे जखमी माणसाच्या घरच्यांचे पहिले काम ठरते.

भाषेचा मुद्दाही येथेच येतो. वय, उंची, गर्भारपण, हृदयविकार यांविषयीची सूचना वाचणाऱ्याला कळत नसेल तर ती दिली असे म्हणता येत नाही. खानापूरच्या किंवा गाणगापूरच्या मैदानावर ती कन्नड, मराठी आणि उर्दू या तिन्ही भाषांत, मोठ्या अक्षरांत आणि चित्रासह असणे हा भाषिक अस्मितेचा नव्हे, जिवाचा प्रश्न आहे.

आधीचा जबाब

वरील विवेचनातून निघणारा क्रम असा आहे. पहिला भार यंत्राच्या मालकाचा आणि चालकाचा, कारण ताबा आणि नफा त्यांच्याकडे आहे. रचनेतच दोष असेल तर तो उत्पादकाचा. मैदान देऊन उत्पन्न घेणारी संस्था या भारातून मोकळी राहू शकत नाही. दाखला देणाऱ्या अभियंत्याने आपल्या सहीचे दायित्व उचलले पाहिजे. आणि कळीपाशी बसलेल्या कामगाराचा विचार, मुद्दाम केलेली आगळीक वगळता, शेवटी व्हावा. जागेच्या लिलावाच्या अटींत प्रत्येक यंत्राचा नोंदणी क्रमांक, प्रत्येक जोडणीनंतरची तपासणी, रोजची नोंदवही, वारा आणि पाऊस यांत पाळणा बंद ठेवण्याची मर्यादा आणि बसणाऱ्यांचा विमा या पाच गोष्टी घालायला नवा कायदा होईपर्यंत थांबण्याची गरज नाही. नगरपालिका, ग्रामपंचायत, देवस्थान समिती आणि जिल्हा प्रशासन आजच त्या घालू शकतात.

दुर्घटनेनंतर या भागात, घरात मराठी बोलली जात असो की कन्नड किंवा दखनी, सांत्वनासाठी नशिबाचे नाव घेतले जाते. दुःखात बुडालेल्या घराला तो आधार असतो आणि त्यावर कोणी बोट ठेवू नये. परंतु कायद्यातील दैवी आपत्ती म्हणजे माणसाच्या दूरदृष्टीने टाळता न येणारी घटना. महिनाभर कोणी न पाहिलेली चीर त्या व्याख्येत बसत नाही. मैलार मल्लण्णाला नवस फेडायला आलेले लेकरू पाळण्यात बसते तेव्हा त्याचे आईवडील यंत्र ओळखत नाहीत, मालक ओळखत नाहीत, परवाना वाचत नाहीत. देवाच्या जत्रेत उभे असलेले यंत्र कोणीतरी पाहिलेले असणार, एवढ्या विश्वासावर ते त्याला बसवतात. त्या पाहणीची तारीख आणि पाहणाऱ्याची सही पाळण्याच्या खांबावर लावलेली असावी. खरा जबाब तोच, आणि तो पाळणा फिरण्याआधी दिलेला असला पाहिजे.